काठ

हिंडलग्याला एकतीस वर्षं मी शिपाई.
दारात आलेलं ताक काठीनं ढवळलंय,
भाकरी उभी चिरून परत आडवी चिरलीय,
एका म्हातारीचं कुंद्याचं खोकं
बोटानं तळापर्यंत तपासलं
आणि मग बोट चाटलं.
खोटं कशाला सांगू.

पत्रांना तीन ट्रे.
कन्नड वाचायला हिरेमठ, इंग्रजी स्वतः जेलरसाहेब.
मराठीचा कारकून धारवाडला बदलून गेला,
त्याच्या खुर्चीवर कोण बसलंच नाही.
मराठी पत्रं पिंपात साठत गेली.
मला वाचता येत होतं,
हुकूम नव्हता.

त्या पिंपात रेवाण्णा कामकरची अकरा.
बाराव्याला कागद मागायला तो आलाच नाही.
मला वाटलं, निवला गडी.

वडगावचा विणकर, म्हणून मागावर घातला.
सकाळी सूत तोलून द्यायचं,
संध्याकाळी कापड तोलून घ्यायचं,
चिंध्यासुद्धा तोलायच्या.
धोटा मोजून. कात्री साखळीला.
साडी उतरली की ट्यूबलाइटखाली धरायची,
उलटी बघायची, सुलटी बघायची,
मी तर नाकाला लावून बघायचा.
नव्या सुताचा वास, दुसरं काय.

दिवाळीला स्टाफला सवलत.
त्यानंच निवडून दिली.
"ही घ्या साहेब, वहिनींना उठून दिसेल.
काठ तेवढा नीट बघा."
बघितला.
चांगला होता.

मथुरा ती नेसून रविवारी खासबागेच्या बाजारात.
तिथं एक रताळीवाली, निंगव्वा नावाची,
"बघू अक्का, कुठली?" म्हणून पदर हातात घ्यायची,
काठावरनं अंगठा फिरवायची, सावकाश,
आंधळी असल्यागत.
मग दोन रताळी वर.
वर्षात तीन साड्या घेतल्या मी.
मथुरा म्हणाली, उशिरा का होईना
तुम्हाला माझी आठवण झाली.

पौषाच्या अवसेला, पहाटेची मोजणी.
कन्नडमध्ये मोजली, एक कमी.
हिरेमठला पटेना, मराठीत मोजायला लावली,
एक कमी.
जेलरसाहेबांनी इंग्रजीत मोजली. तरी एकच.

मागावर अर्धी साडी ताणलेली.
धोटा जागेवर, कात्री साखळीला.
सूत, कापड, चिंध्या सगळं तोललं.
गुंजभर फरक नाही.

चंदगडच्या अंगाला गेला म्हणे.
तिकडं हद्द लागते,
आमची शिट्टी अलीकडंच संपते.
निंगव्वा त्याची थोरली बहीण निघाली,
तिच्या जागेवर पुढच्या रविवारी
दुसरंच कोण तरी वांगी विकत होतं.
माझ्या दोन वेतनवाढी गेल्या.

रिटायर झालो, मग एकदा
तिन्ही साड्या पिशवीत घालून वडगावात गेलो.
एक म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यानं काठ बोटांत धरला आणि हसायला लागला.

"गोमी म्हणजे पहारा. ही चिक्की म्हणजे तास.
पदरावर बुरूज किती?"
सात.
"तुमच्या भिंतीला?"
मी गप्प.
"सातव्यापाशी ही उलटी गाठ.
विणकराची चूक नव्हे ती, दार आहे."

आणि हे, इथं, सूत सैल सोडलंय ते?

म्हातारा घोटाळला.
"दोन ते तीन," म्हणाला,
"सातव्या बुरुजाचा शिपाई भिंतीला टेकतो.
तोंड उघडं असतं."

घरी आलो. दोन दिवस बोललो नाही,
तिसऱ्या दिवशी मथुराला सगळं सांगितलं.
ती तांदूळ निवडत होती.
खडा बाजूला टाकून म्हणाली,
"एवढ्यासाठी तीन साड्या?
त्या बाईनं मला विचारलं असतं
तर रताळ्याच्या भावात सांगितलं असतं मी."

मग उठली, पिशवी उघडली,
जांभळी तेवढी उन्हात टाकली.
रविवार होता उद्या.