तुंबड्या

परळच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं
मी लोकांचे जंत मोजतेय.
आज शिवडीच्या एका हमालाच्या स्लाइडवर
अंकुशकृमीचं अंडं –
पातळ कवच, आत चार पेशी,
काचेच्या बांगडीइतकं स्वच्छ.
हिमोग्लोबिन साडेसहा.
दमा? ॲलर्जी?
"ते काय असतं, बाई?"

घरी विसाव्या मजल्यावर
तन्वयच्या उशाशी पंप.
शेंगदाण्याने सूज, मांजराने सूज,
गादीच्या धुळीनेसुद्धा.
त्याच्या रक्तातला न्हावी रिकामा बसलाय,
भिंतीला तुंबड्या लावतोय.

मला लहानपणी वावडिंग पाजायचे;
पाहुणे जायचे,
चिखलातून अनवाणी परत यायचे.
पोट दुखायचं. श्वास कधीच नाही.

लॅबमधून आले की कोपरापर्यंत हात धुते.
आज साबण धरून
जरा जास्तच वेळ उभी राहिले.

मग धुतले.