पंधरा भागिले सव्वीस

तारीख अकराची होती. आम्ही नऊलाच आलो.
सवय. पाच मिनिटं उशीर झाला की
अर्धा दिवस कापायचे.

कोर्टाच्या पायऱ्यांवर अजून ऊन उतरलं नव्हतं.
इराबत्तीनं पिशवीतून कडक भाकरी काढली, शेंगाचटणी,
आणि मग अर्जाची झेरॉक्स, तेलाचा डाग घेऊन.
दस्तगीर म्हणाला, डॅमेज माल. सेकंडला टाक.
हसलो. खोकला लागेपर्यंत हसलो.

मी फोल्डिंग खात्यातला.
एकतीस वर्षं टेबलावरून चादरी ओढल्या, खालून ट्यूबलाइट,
तुटलेला धागा तळव्याला कळायचा
डोळ्यांच्या आधी.
खडूनं फुली मारायची, रजिस्टरात नाव लिहायचं,
त्या फुलीचे पैसे लूमवरच्या माणसाच्या पगारातून जायचे.
इराबत्तीच्या मालावर मारल्यात मी. पुष्कळ.
अजून बोलून दाखवतो,
भाकरी पुढे करता करता दाखवतो.

कंपनीचा हिशेब आला तेव्हा
आधी हात फिरवला कागदावरून. गुळगुळीत.
मग खिडकीच्या काचेवर धरला.
शेवटचा पगार गुणिले वर्षं
गुणिले पंधरा भागिले सव्वीस.
पगारातून महागाई उपटलेली.
वर्षं चोवीस.
एकतीसमधून सात धागे इतक्या सफाईनं काढलेले
की कापड कुठे आकसलं नाही.

म्हणे, ती वर्षं बदलीची.
बदली म्हणजे पहाटे गेटवर उभं राहायचं,
आत कुणीतरी आजारी पडलेलं असावं
असं देवाला ऐकू न जाईल इतक्या हळू म्हणायचं.
मुकादम बोट करायचा :
तू. तू. तू नाही.
त्या सात वर्षांत माझं लग्न झालं.
शैलजाच्या बारशाला सेकंडची चादर अंथरली,
कोपऱ्यात माझीच फुली.
त्याच वर्षांत अंगठ्याचं पेर कात्रीत गेलं.
ते नोकरीत धरायचं की बाहेर,
विचारा म्हटलं आमच्या वकीलबाईंना.
त्यांनी लिहून घेतलं. विचारलं नाही.

पुकारा झाला.
अर्जदार क्रमांक चार, अंबूबाई नागनाथ येमूल.
बाकावर कुणी हललं नाही.
मग मागून तिचा नातू उठला, मुठीत पितळी बिल्ला,
सहाशे चौदा.
कारकून म्हणाला, वारस लावून घ्या.
त्रेसष्टजण होतो. आता लावलेले बावीस.

कंपनीचा वकील पोरगा आहे, आवाज गोड.
म्हणाला, त्या काळची हजेरीपुस्तकं वाळवीनं खाल्ली.
हे लोक तेव्हा कामावर होते याला
कागद काय?

कागद माझ्याकडे होता.
डॅमेज रजिस्टर, चार भाग.
मिल बंद झाली तेव्हा रद्दीतून घरी आणलेली,
पाठकोऱ्या पानांवर शैलजानं पाढे लिहिले,
नंतर कपाटाच्या तुटक्या पायाखाली गेली.
ओळीओळीत माझं अक्षर :
अमुक तारीख, लूम एकोणीस, इराबत्ती, बदली,
दोन धागे तुटले, कापले सव्वा रुपया.
अंबूबाई, रीलिंग, गुंता, कापले बारा आणे.
दस्तगीर. तेलाचा डाग.
खाली सही, रे. सि. हलकुडे.

वकीलबाईंनी रजिस्टर पुढे केली.
साहेबांनी पानं उलटली, पाढ्यांपाशी थांबले,
सात सक बेचाळीस, मग पुढे गेले.
दंड झाला, म्हणजे माणूस होता.
एवढंच आम्हाला सिद्ध करायचं होतं.

बाहेर ऊन पायऱ्या उतरून रस्त्यावर गेलेलं.
पुढची तारीख एकोणीस, पावणेदोन महिन्यांनी.
इराबत्ती चपला शोधत राहिला बराच वेळ,
तेलुगूत काहीतरी पुटपुटला,
मग माझ्याकडे न बघता :

दोन महिने मी चांगलं विणलं होतं रे, सत्त्याऐंशीत.
एकसुद्धा फुली नाही.
ते दोन महिने कुठून आणायचे?