पिवळं कार्ड

पर्शाला अंगोलात काम मिळालं, पोकलेनवर, दोन वर्षांचं.
एजंट म्हणाला, आधी टोचून घ्या,
न्हाईतर इमानात चढवून घेत न्हाईत की ओ.
ही लस बेळगावात मिळाली नाही.
पहाटेच्या गाडीनं चोर्ला उतरून वास्कोला, बंदरावरच्या दवाखान्यात.
घाटात पोरानं दोनदा उलटी केली.
पिशवी धरून मी रंग बघत बसलो.

कारण आदल्या रात्री वाचलं होतं:
गलबतावरच्या पाण्याच्या पिंपात
एक डास समुद्र ओलांडून गेला,
वर फळ्यांवर साखळीनं बांधलेली माणसं.
डासाची नोंद कुठल्याच वहीत नाही.
मग हवाना, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स,
डोळे हळदीचे,
आणि शेवटी ओकारी, बोंडाच्या राखेसारखी काळी.
लोकांनी रस्त्यात डांबर जाळलं,
हवा सुधारावी म्हणून तोफा उडवल्या,
परका दिसला की वेशीतून हाकलला.
परसातल्या रांजणात
कुणी वाकून बघितलं नाही.

रोगाच्या जहाजावर म्हणे पिवळा बावटा लावत.
हे पर्शाला सांगताना गाडीत मी आवाज खाली घेतला.
आमच्याकडं बावट्याच्या रंगावरून
एक नोव्हेंबरला दुकानं बंद होतात.

आम्हाला हा ताप कधी आला नाही.
आम्हाला गाठ आली, आम्हाला देवी आल्या.
माझा आजा भरमाणा टिळकवाडीत
व्हॅक्सिन डेपोत वासरं धरायचा,
पोट भादरलेली, आडवी बांधलेली,
त्यांच्या फोडांतली लस
नळ्यांत भरून कुठं कुठं जायची.
आज्याच्या अंगाला कार्बोलिकचा वास.
पण घरी आपल्या थोरल्या पोरीला
त्यानं टोचू दिलं नाही.
का, ते कुणी विचारलं नाही,
आत्याच्या तोंडाकडं बघून
विचारायचं धाडसच झालं नाही.
आता तिथं झाडांखाली लोक सकाळी फिरतात.

नर्सबाईनं नाव लिहिलं, पासपोर्ट बघितला.
बेळगाव लिहू की बेळगावी?
पर्शा म्हणाला, पासपोर्टात हाय तसं लिवा.
सुई गेली तेव्हा
मी भिंतीवरच्या डासाच्या चित्राकडं बघितलं,
पायांवर पांढरे पट्टे.
दहा दिवसांनी लागू, ती म्हणाली.

घरी आलो. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं,
म्हणून दारात तीन पिंपं, एक कळशी, एक बादली.
झाकण काढलं तर
आत वळवळ, शेवया तुटल्यासारखी,
आणि काठावर बसलेला एक,
पायांवर पांढरे पट्टे.
तोच. फक्त त्याच्याकडं अजून तो ताप नाही.

पाणी ओतून द्यायला हात होईना,
अजून पाच दिवस काढायचे होते.
बायकोच्या जुन्या लुगड्यातून गाळून घेतलं,
उरलेलं कापड तोंडाला बांधलं.
पर्शा आतून विचारत होता,
आप्पा, ते कार्ड कुठं ठेवलंय?