डावा अंगठा

आयली कांगासच्या दुकानात, गांडुळांच्या फ्रिजला लागून
काचेचं एक कपाट आहे.
तिनं तीन रिळं बाहेर काढली
आणि गल्ल्याशेजारच्या कॅलेंडरवर मांडली.
पान मार्चचं, बाहेर मे संपत आलेला.

"डोळे मीट," म्हणाली, "आणि फिरव."

पहिलं किंचित खरखरलं,
गिरणीतल्या चार नंबरच्या रोलरसारखं.
दुसरं इतकं गप्प, की बंद पडलंय वाटलं.
तिसऱ्याची मूठ बुचाची, बोटांना ओळखीची.

एका वळशात सहा फेरे, की साडेसात?
एप्रिल असता तर सहा म्हणालो असतो.
पाणी गार, मासा आळशी,
आमिष खडकांना ठेचकाळत सावकाश यावं.
घाई केली की तो नुसता बघतो.
पण जूनमधला स्मॉलमाउथ गळ तोंडात धरून
उलटा आपल्याच होडीकडे सुटतो,
दोरा ढिला पडतो,
मग पाण्याबाहेर हातभर उडी,
लाल डोळ्यानं एकदा तुमच्याकडे बघणं,
आणि गळ थुंकणं.
तेव्हा साडेसातही कमी पडतात.

हे मला ठाऊक आहे. बावीस वर्षं ठाऊक आहे.
अडचण फेऱ्यांची नव्हती.

नोव्हेंबरात कागद गिरणीच्या रोलरनं
माझा उजवा अंगठा चाटला.
वाचवलाय, असं डॉक्टर म्हणतात. आहे खरा,
नखासकट, जागच्या जागी.
फक्त त्याला काही कळत नाही.
कॉफी गरम आहे हे मला वाफ सांगते.

आणि या जातीच्या रिळात सगळी मदार अंगठ्यावर.
आमिष सुटतं, चाती भणाणते,
आमिष मंदावतं, चाती नाही.
त्या अर्ध्या क्षणात अंगठा टेकवायचा,
झोपलेल्या बाळाच्या टाळूवर टेकवावा इतपत.
नाहीतर घरटं. दोऱ्याचं. पाखरू नसलेलं.

"ब्रेक वाढवून देते."
आयलीनं बाजूचं झाकण उघडून दाखवले,
भाताच्या शितांएवढे सहा ब्रेक.
"सगळे चालू ठेव, गुंता होणार नाही.
फक्त लांब जाणार नाही."
थोडं थांबून,
"फारसं कुठंच."

मी बुचाच्या मुठीचं रीळ डाव्या हातात घेतलं,
काही ठरवून नाही, पाकीट काढायला.
तर मूठ आपसूक उजव्या हातासमोर आली.

आजवर उजव्यानं फेकायचं, काठी डाव्यात घ्यायची,
उजव्यानं गुंडाळायचं, असंच चाललं.
वडिलांनी तसंच शिकवलं होतं.
त्या अदलाबदलीत किती मासे गेले
त्यांनी मोजले नाहीत, मीही नाही.

"डाव्यानं कधी फेकलं नाही," मी म्हणालो.
"डावा अडाणी आहे," आयली म्हणाली, "बधिर नाही."

दोनशे एकोणीस डॉलर.
पावतीवर सही करताना पेन निसटलं, दोनदा.
"अंगठाच उठव," ती म्हणाली,
आणि आम्ही दोघंही जरा जास्तच हसलो.

धरणाखाली मेनोमिनीला भरपूर पाणी होतं.
सहाही ब्रेक चालू, पहिली फेक.
आमिष होडीपासून तीन काठ्यांवर पडलं, बदकासारखं.
दुसरी बरी. तिसऱ्या वेळी मला जोर आला,
आणि सहा ब्रेक असूनही घरटं झालंच.

बादलीवर बसून तासभर एकेक पदर सोडवला.
चातीवर बसला, की दोऱ्याला तो पीळ लक्षात राहतो,
सरळ केला तरी वळतो.
मागं कुठंतरी मासा उडाला. मी वळेपर्यंत
नुसती वर्तुळं होती.

ओला दोरा डाव्या अंगठ्याखालून गेला.
गार. थोडा खरबरीत, एका जागी खडकावर घासलेला.
तेवढा हातभर तुकडा कापून टाकला.

मग झाकण उघडलं
आणि सहातला एक ब्रेक बंद केला.