अर्धा काळा, अर्धा पांढरा

एकतीस वर्षं टपाल कचेरीत शिक्के मारले.
आता त्या मारतात, मी बघते.

कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा.
त्यावर टोपी ठेवायची, कल्ले खाली करून,
वर स्टीलचं पातेलं उपडं, वारा लागू नये म्हणून,
आणि झोपायला जायचं.
रात्रभर ती काय झाडते कोण जाणे.
आवाज नाही. वास मात्र ओल्या पिठासारखा,
फ्रीजवर, विजेच्या बिलाशेजारी.

मारबत निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी
ढोमणे आले, पिशवी घेऊन.
त्रिमूर्तीनगरच्या बागेत, गवतावर,
पांढऱ्या, ताटलीएवढाल्या,
रिंगण धरून उभ्या होत्या म्हणे.
"अजी, सात्याच होत ना ह्या? फुकटच्या!
बायको मसाला वाटून राहिली."

मी एक उचलली.
टोपीवर तपकिरी खवले,
देठाला कडं, सुटं,
सैल झालेल्या अंगठीसारखं वर-खाली होणारं.
कल्ले अजून पांढरेच.
"उद्या सांगते."
"उद्या? आन् मसाला?"
"मसाल्यात वांगी टाका."
ते हसले नाहीत. पिशवी घेऊन गेले.

सात्या असतात फुलवंताबाई उईकेंच्या.
देवलापारहून येतात त्या, पहाटेच्या गाडीनं,
गोकुळपेठेत बाजाराच्या पार टोकाला
पळसाच्या पानांवर वाटे मांडतात.
त्यांना मी भिंग दाखवलं, वही दाखवली,
लॅटिन नाव वाचून दाखवलं, दोनदा.
त्यांनी ऐकून घेतलं,
सासरच्या माणसांचं ऐकतात तसं.
मग म्हणाल्या,
"सात्याइले काय पाहून राहिली बाई, वारूळ पाहा.
खाली उधई नाही, त सात्या नाही."
आणि एक उलटी करून
तिचं लांब, मातकट, शेपटीसारखं मूळ
माझ्या तळव्यावर ठेवलं.
वाट्याचे ऐंशी घेतले. भाव केला नाही मी.

बागेत वारूळ नाही.
महानगरपालिकेनं आणून अंथरलेलं गवत आहे
आणि 'फुले तोडू नये'.
हे मला दारातच सुचायला हवं होतं,
ढोमण्यांच्या हातात पिशवी होती तेव्हा.
पण मला ठसा बघायचा होता.

पाच वाजता पातेलं उचललं.
काळ्या अर्ध्यावर फिकी राख.
पांढऱ्या अर्ध्यावर
हिरवा.
पोपटी नाही, शेवाळीही नाही,
कल्हई गेलेल्या पितळेत ताक कळकतं
तो हिरवा.
एकेका कल्ल्याची रेघ सुटी, स्वच्छ,
आणि मधोमध देठाची गोल रिकामी जागा,
आमच्या शिक्क्यात जिथे तारीख असायची.

तशीच गेले, गाऊनवर ओढणी टाकून.
ढोमणे पायरीवर बसलेले,
हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला,
तोंड उतरून पिवळं.
"वांगीच केली मी," बायको आतून म्हणाली,
"यायनं दोन तळून खाल्ल्या. चवीपुरत्या.
रातभर मोरीत होते."
मी कागद पुढे धरला. त्यांनी चष्मा नसताना
बराच वेळ बघितला.
"पण चव चांगली होती जी," म्हणाले.
मग परत मोरीकडे धावले.
रिक्षा मीच बोलावली, मेडिकलपर्यंत.
दुपारी घरी आले ते. मीठ कमी पडलं म्हणून बोलले वांग्याला.

वहीत त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं,
शाईनं, तारखेसकट.
बाकी पानं तशीच:
सेमिनरी हिल्सवर कुजक्या खोडातून आलेले
नारिंगी कान,
अंबाझरीच्या बांधाखाली एक,
बोट लावताच निळी पडलेली,
आणि माझ्याच तुळशीच्या कुंडीतली, पिवळी,
दुपारपर्यंत वितळून जाणारी.
त्यांच्यापुढे मी पेन्सिलीनं तेच लिहिते
जे परत धाडायच्या पाकिटांवर लिहायचे:
पत्ता अपुरा.

ढोमण्यांचा कागद टाकला नाही.
वास गेला. कडा वळल्या.
बोट लावलं
तर अजून हिरवं उठतं.