बाहेर गेल्याची वेळ

सावद्याच्या कोल्ड स्टोरेजला जनरेटर आहे,
म्हणून कृष्णविवर मी इथे आणलं.
घरी लाइट जाते, आणि गेली की
अर्ध्यावर आलेलं आकाश पुन्हा पहिल्या ओळीपासून.

भिंतीपलीकडे सोळा अंशांवर केळी पिकताहेत.
अलीकडे माझा जुना संगणक तापतोय.
रात्रीत चारशे ओळी, ओळीत सहाशे ठिपके,
दर ठिपक्यामागे एक किरण
डोळ्यातून उलटा सोडायचा.

"उलटा?"
लुकमान तडवी, रात्रपाळीचा वॉचमन.

उलटाच. ताऱ्याकडून निघालेल्या उजेडाची
वाट बघत बसलं तर जन्म जाईल,
डोळ्यापर्यंत पोचणारा कोटीत एखादा.
त्यापेक्षा आपणच निघावं, मागे मागे,
बारीक पावलांनी, पावलागणिक थोडं वाकत,
आणि बघावं तो आला कुठून होता.

"पालच्या रानात शेळी हरपली का
आम्ही बी असंच करतो. बॅटरी फिरवतो.
डोळे चमकले तर शेळी.
झाड दिसलं तर झाड.
अन् उजेड गेला तो गेलाच,
तर ताई, पाय आवरायचा. तिथं दरी ऱ्हाते."

दोनला डिझेलचा वास. तीनला चूक सापडली:
एका वजा चिन्हाने अर्धं कडं उसवलं होतं.
पुन्हा पहिल्या ओळीपासून.

दुसऱ्या रात्री, पहाटेकडे, चित्र पुरं झालं.
तबकडीची मागची बाजू वरून दिसतेय,
कुंपणामागून कुणी टाचा उंचावून बघावं तशी.
डावी कड लख्ख, ती आपल्याकडे येतेय.
उजवी निघून चाललेली, मळकी.
मध्ये काळं.

लुकमान वाकून बघतो.
"हे काळं लई साफ काढलं."

ते मी काढलंच नाही.
सुरुवातीला सगळीकडे शून्यच असतं.
ज्या किरणाला काही सापडलं, तारा, तबकडी, काहीही,
त्याने आपला ठिपका रंगवला.
हे उरलं.

तो बराच वेळ काही बोलत नाही.
बाहेर दिल्लीचा ट्रक भरायला लागलाय,
हमालांच्या हाका, क्रेटवर क्रेट.
मग तो गेटवरची वही घेऊन येतो:
गाडी नंबर, आत, बाहेर.
पानं मागे चाळत जातो. एका ओळीवर बोट थांबतं.
मंगळवार. आत आठ चाळीस.
पुढे कोरं.

"ही गाडी गेली, ताई. म्या पाह्यली जाताना.
लिहायचं ऱ्हायलं."

आणि माझ्याकडे पेन मागतो.