मूळ प्रत

उज्ज्वलावहिनीनं वीजबिलाच्या पाठीवर
नागलीचं कणीस काढलं, पेन्सिलीनं,
अर्धवट मिटलेल्या मुठीसारखं.
पाच बोटं, त्यातलं डावं जरा वाकडं.
खाली नाव: मूठ.
नागलीचे पापड, जेलरोड, नाशिकरोड.

मी मोबाइलवर फोटो काढला,
कडेची थकबाकी कापून टाकली,
तीन संध्याकाळी बसून माउसनं रेष गिरवली
आणि सेव्ह केलं. जेपीजी. विचारही न करता,
बाहेर पडताना पायात येईल ती चप्पल, तसं.

मग ते फिरलं.
मी दादाला पाठवलं, दादानं बिटकोजवळच्या पाकीटवाल्याला,
पाकीटवाल्यानं “जरा मोठं करा” म्हणत परत मला.
मोठं केलं, पुन्हा सेव्ह.
वहिनीला विटकरी गडद हवा होता, पुन्हा सेव्ह.
वेबसाइटवर चढवलं तेव्हा
‘ठ’च्या पोटाला पायऱ्या पडलेल्या,
अक्षरांच्या कडेनं राखाडी मुंग्या,
साखर सांडल्यासारख्या,
आणि तपकिरी पानावर कणसामागे
पांढरा चौकोन. ठिगळच.

बाबांनी भिंग आणलं.
बाबा म्हणजे पुंडलिक ताजनपुरे,
एकतीस वर्षं प्रेसमध्ये, तपासणीला.
निवृत्त झाले तरी लग्नाची पत्रिका आधी तिरपी धरून बघतात,
मग तारीख वाचतात.
स्क्रीनला भिंग लावणारा माणूस
मी पहिल्यांदाच पाहिला.
“चौकोन आहेत,” ते म्हणाले, “नुसते चौकोन.
रेष कुठंय?”

मी सांगितलं, जेपीजी दर वेळी थोडं विसरतं.
फोटोत चालून जातं, आभाळातलं कोण मोजतंय,
पण सपाट रंग आणि धारदार कड असली
की चोरी पकडली जाते.
“प्लेट छापून छापून झिजते, हे ठाऊक होतं.
तुमच्याकडे नुसती ठेवून झिजते?”
ठेवून नाही. उघडून पुन्हा ठेवली की.
“मग उघडता कशाला?”

याला उत्तर नव्हतं.

पुन्हा बिलापासून सुरुवात केली.
या वेळी ठिपके नाहीत, वळणं:
इथून निघ, इथं वळ, इथं थांब.
एसव्हीजी म्हणतात.
नखाएवढं करा नाहीतर द्वारकेच्या होर्डिंगएवढं,
कड तीच.
बाबा जरा वेळ गप्प बसले.
“म्हणजे पापड नाही, पापडाची कृती.”
हो. आणि जिथं कृती चालत नाही तिथं पीएनजी,
मागचा चौकोन काढून, पारदर्शक,
लागते तेवढ्याच रुंदीचं,
एक त्याच्या दुप्पट, भारीतल्या मोबाइलांसाठी.
वजन बारा केबी.
“बारा काय?”
केबी. ग्रॅम समजा.

त्यांनी जुनी वही काढली, पट्टीनं रकाने आखले:
तारीख. नाव. वजन. कोणी उघडलं. सही.
एक कागद कमी भरला तर
सगळी पाळी अडकून पडायची, ते सांगत होते,
शंभरदा सांगितलेलं,
मी पहिल्यांदाच नीट ऐकलं.
मूळ फाइल पेनड्राइव्हवर, कपाटाच्या आतल्या खणात,
वीजबिलासकट.
फोल्डरचं नाव: मूळ, हात लावू नये.
वाटायच्या प्रती वेगळ्या,
त्या झिजल्या तर झिजोत.

वहिनी पिठाचे हात पदराला पुसत आली,
स्क्रीनकडे बघून म्हणाली,
“ते वाकडं बोट सरळ करता येईल का आता?”
येईल. एक बिंदू ओढला की झालं.
मी माउस धरलासुद्धा.

बाबा काही बोलले नाहीत.
शेवटचा रकाना शेऱ्याचा होता,
त्यात बारीक अक्षरात लिहिलं:
डावं बोट किंचित वाकडं. मुळातलंच आहे.
आणि पेन वहिनीपुढं केलं, सहीसाठी.